आतला चेंडू

मागच्या वर्षी सॉफ्टबॉलच्या मॅचमध्ये रेणुकाच्या हातून सुटलेला चेंडू निजामाबादच्या भामाच्या गालफडावर बसला आणि तिचा जबडा मोडला. चूक कुणाचीच नव्हती, असं सगळे म्हणाले. दवाखान्यात भामासुद्धा खुणेनं तेच सांगत होती. पण तेव्हापासून रेणुकाचा हात आखडला. बॅटरच्या अंगालगत चेंडू घालायचा म्हटलं, की मनगट आपोआप बाहेर वळायचं.

हैदराबादच्या बरकतपुऱ्यात तेव्हा घरोघर केबलच्या तारा चढत होत्या. संध्याकाळी गल्ली टीव्हीपुढं बसायची, आणि जामबागेतल्या कॉलेजातून परतलेली रेणुका मागच्या भिंतीवर चेंडू मारत राहायची.

"भिंतीला कुठं जबडा असतो?" आई, पंचफुला, एकदा म्हणाली. "माणसापुढं टाक." आणि धुण्याचं धोपाटणं घेऊन स्वतःच भिंतीपुढं उभी राहिली.

"माय, सरक तिथून!"

"टाक म्हणते ना."

त्या दिवशी दोन चेंडू बरे गेले. पण तेवढ्यावर मॅच निघत नाही, हे रेणुकाला कळत होतं.

यंदाच्या फायनलला समोर पुन्हा निजामाबाद आलं. शेवटच्या डावात रेणुकाचं हैदराबाद एका धावेनं पुढं होतं. निजामाबादच्या दोघी बाद झाल्या होत्या, एक तिसऱ्या बेसवर टपून होती, आणि बॅट घेऊन आली भामा.

रेणुकाचे पहिले दोन्ही चेंडू भामापासून लांब, बाहेरून गेले. "डर गई रे!" प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं.

कॅचर त्रिवेणी तोंडावरची जाळी वर करून तिच्यापाशी आली. "आत टाक, अंगालगत. बाहेरचे ती सोडून देतेय."

"पुन्हा लागलं तर?"

"ती आलीय ना उभी राहायला? तिला काय ठाऊक नाही?"

रेणुकानं मान वर करून पाहिलं. भामाच्या हनुवटीखाली टाक्यांचा वण होता, तरी ती होम प्लेटला चिकटून उभी होती. ही तसूभर मागं हटली नाही, आणि वर्षभर हटत राहिले ते मीच, रेणुकाच्या मनात आलं. तिनं श्वास सोडला, हात गोल फिरवला.

आतून. स्ट्राइक!

दुसराही आतूनच गेला, पण भामानं तो सणसणून मारला. तिसऱ्या बेसवरची पोरगी पळत होम प्लेटवर पोचली. बरोबरी झाली.

कोच वंदना मॅडम उठल्या, रेणुकाच्या जागी दुसऱ्या पिचरला यायला हात करू लागल्या.

"नक्को मॅडम!" रेणुका मैदानातूनच ओरडली. "पुढची माझी आहे."

मॅडम हात खाली घेऊन परत बसल्या.

पुढच्या पोरीला तिनं तिन्ही चेंडू आतूनच घातले. तिसऱ्यावर बॅट हवेतच फिरली, तिसरी बाद झाली आणि निजामाबादचा डाव संपला. मग हैदराबादची पाळी आली, त्रिवेणीनं फटका लांब टोलवला आणि विजयाची धाव झाली.

हात मिळवायला दोन्ही संघ ओळीनं उभे राहिले, तेव्हा भामा रेणुकापाशी थांबली. "तुझा पहिला आतला चेंडू मला दिसलाच नाही गं."

"दुसरा दिसला की," रेणुका म्हणाली, आणि दोघी हसल्या.