मी तो हात कापला नाही

मी सुरी बोलतेय. दचकू नका, मला टोक नाही. लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या कारखान्यात मी वड्या पाडायचे. दीड वीत पातं, सरळ धार, वरून तळव्यानं दाबायचं की खाली कापलं जातं, एवढंच मला येतं. उगारणं, वार करणं मला जमत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्यावर एक आळ आला होता आणि तेव्हापासून मला स्वस्थता म्हणून नाही.

तळेगावच्या एका लोहारानं ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून मला घडवलं. त्याच भट्टीत, त्याच दुपारी कोयतेही झाले. ते पवन मावळात गवत कापायला गेले, मी बजरंगशेठच्या कारखान्यात आले. म्हणजे कोयता माझा सख्खा भाऊच.

चिक्कीचं काम सगळं घाईचं. पाक शेंगदाण्यात पडला की ओट्यावर ओतायचा, लाटायचा आणि गरम आहे तोवर कापायचा. जरा रेंगाळलात की वडीचा चुरा. माझा स्वभावही तसाच उतावीळ झाला. थांबा म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो.

ओट्यावर पाच बायका होत्या. त्यांत सगळ्यात मोठ्या शालूबाई, आणि सगळ्यात लहान समीक्षा, एकोणीस वर्षांची. समीक्षा पट्टी न लावता सरळ रेषेत कापायची. शालूबाई सगळ्यांना सांगत, "पोरीचा हात लय सरळ हाय." मला तिच्या हातात जायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

एकदा तिनं सगळ्यांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. आकाशचा वाढदिवस. आकाश म्हणजे तिचा मित्र, बेगडेवाडीकडचा, आठ-दहा पोरांचा भाई. भररस्त्यात गाडीच्या बॉनेटवर केक, आणि तो कापला कोयत्यानं. शूटिंग समीक्षानंच केलं होतं.

"केक कापाया कोयता कशाला गं?" शालूबाई म्हणाल्या. "हितली सुरी न्यायची व्हती."

सगळ्या खो खो हसल्या. मला तर भावाचा हेवा वाटला. गवत कापणाऱ्याला केक कापायला मिळाला! माझं अक्कलशून्य पातं, दुसरं काय.

पुढं समीक्षा हसेनाशी झाली. ओट्यावर फोन थरथरला की तिचा हात थांबायचा आणि रेष वाकडी जायची. बायका एकमेकींकडं बघायच्या आणि पाक ढवळायच्या.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती स्कूटी घेऊन बाहेर गेली. तासाभरानं शेठना फोन आला. समीक्षा सरकारी दवाखान्यात आहे, चिक्की कापताना सुरी हातावर लागली.

अहो, मी तर ओट्यावर पडून होते! पात्यावर तिळाचा चुरा, बाकी काही नाही. शेठ पुढं दुकानात बसलेले, त्यांना काय कळणार? धावत आत आले आणि विचारलं, "हितं लागलं का तिला?"

बाकीच्या तिघी शालूबाईंकडं बघायला लागल्या. मग शालूबाई म्हणाल्या, "व्हय शेठ. हितंच लागलं."

पोरीच्या नावाला बट्टा नको, लग्नाची पोर आहे, म्हणून त्या खोटं बोलल्या. मायेनं बोलल्या, मला ठाऊक आहे. पण शेठनं अपशकुन नको म्हणून हात जोडून मला कागदात गुंडाळलं आणि वरच्या फळीवर टाकलं. ओट्यावर नवी सुरी आली. मी वरून पाक ओतल्याचा आवाज ऐकायचे आणि तळमळायचे.

पंधरा दिवसांनी एक बाई आल्या, सारिकाताई. मारहाणीत जखमी झालेल्या बायका-मुलींना दवाखान्यात भेटायचं, त्या उभ्या राहीपर्यंत सोबत करायची, हे त्यांचं काम. समीक्षाची जखम बघून दवाखान्यानंच त्यांना कळवलं होतं. "समीक्षाच्या हाताला पुन्हा काय काम करायचंय ते बघायचंय," असं म्हणून त्यांनी मला मागून घेतलं. कागद सोडला. माझ्या धारेवरून, बिनटोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग स्वतःचा उजवा हात डोक्यावर आडवा धरला, मार चुकवताना धरतात तसा, आणि मनगटाच्या बाहेरच्या बाजूकडं बघत राहिल्या. समीक्षाची जखम तिथं होती. चिक्की कापताना तिथं कशी लागेल?

शेठना त्या काही बोलल्या नाहीत. जाताना शालूबाईंना हळूच विचारलं, "मावशी, तुम्ही तिला वाचवताय की त्याला?"

शालूबाई कढईपाशी उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. सगळा घाणा करपला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दोन महिन्यांनी समीक्षा आली. उजव्या हाताची तीन बोटं नीट मिटत नव्हती. सारिकाताईंनी तिला रोज कणीक मळायला लावली होती. जखमेबद्दल मात्र एका शब्दानं विचारलं नव्हतं. बाहेर कुणी बाइकचा हॉर्न वाजवला की समीक्षा दाराआड व्हायची. आकाशचा निरोप यायचा, सुरी लागली हा जबाब बदललास तर बघ.

त्या दिवशी शेठनं भंगारवाल्या पप्पूला बोलावलं होतं. "ही अपशकुनी सुरी आधी ने," म्हणून मला फळीवरून काढलं. मी तराजूत पडले. माझं काय, वितळले असते. पण माझ्याबरोबर ते खोटंही कायमचं खरं झालं असतं.

शालूबाई पुढं आल्या. पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "शेठ, मी खोटं बोलले. समे, तुझं नाव जपाया गेले आन् त्याला मोकळा सोडला गं मी."

समीक्षानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणत होते, बोल, गरम आहे तोवर बोल. तिला ऐकू गेलं असेल असं नाही.

"ती देऊ नका शेठ," ती म्हणाली. "त्या सुरीनं नाही कापलं. आकाशनं मारलं. कोयत्यानं."

मग सगळं बाहेर आलं. पोरीची गाडी कोण तपासतंय म्हणून आकाश तिच्या स्कूटीच्या डिकीत कोयता ठेवायचा. तीन महिने तिनं तो वागवला. त्या दुपारी ती कोयता परत द्यायला गेली, आता माझ्या गाडीत हे नको म्हणाली. त्यानं तोच उगारला. सुरीची थापही त्यानंच शिकवली आणि तिला दवाखान्याच्या फाटकाशी सोडून गेला.

"मीपण अडकेन ना ताई?" फोनवर ती सारिकाताईंना विचारत होती. "कोयता माझ्याच डिकीत होता."

फोन स्पीकरवर होता. ताई म्हणाल्या, "ते विचारतील, आणि तेही खरंच सांगायचं. आपण आधी वकीलबाईंना भेटू. तुझी चूक तुझी म्हण, त्याची अंगावर घेऊ नको. मी निघालेय."

आज मी पोलीस ठाण्याच्या कपाटात आहे. मुठीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली आहे. दवाखान्याच्या कागदावर माझं नाव होतं, म्हणून मलाही जमा केलं. शेजारी आकाशकडचा कोयता आहे, त्यालाही चिठ्ठी. तो माझ्याच भट्टीतला की दुसऱ्या कुठल्या, कोण जाणे. गवत कापायला जन्मलेला, बोलत नाही तो. आकाश आत आहे, त्याची पोरं बाहेर आहेत, आणि कोर्टाची तारीख पुढच्या महिन्यात. मला एकेक दिवस जड जातोय, तर तिला किती जात असेल?

एवढं मागणं आहे. ती कोर्टातून बाहेर येईल तेव्हा "तू त्याच्याबरोबर गेलीसच कशाला?" असं तिला कुणी विचारू नका. खूप जणांनी विचारून झालंय. शालूबाईंसारखं शेजारी उभं राहा, तेवढं पुरे.

मला इथं आणलं ते समीक्षानंच. साहेब म्हणाले, ठेवा टेबलावर. सारिकाताईंनी हात पुढं केला, पण तिनं पिशवीतून मला स्वतःच काढलं, उजव्या हातानं. तीन बोटं मुठीवर नीट बसत नव्हती. पण टेबलापर्यंत तिनं मला पडू दिलं नाही.