वृंदाच्या वजनाचा गूळ

वृंदा जन्मली तेव्हा एवढीशी होती, की दाईने तिला पदराच्या टोकाला बांधून आणलं आणि तिच्या आईच्या, उमाच्या हातात द्यायच्या वेळी कुठल्या टोकाला बांधलीय तेच तिला आठवेना. हे माईंचं म्हणणं. माई म्हणजे वृंदाची आजी, वडिलांची आई. वृंदा बालवाडीत होती तेव्हा माईंच्या गोष्टीतली ती तान्ही पोर मांजराच्या पिल्लाएवढी होती. पुढे ती कैरीएवढी झाली. आता सत्त्याण्णव साल लागलं, वृंदाला बाविसावं सरत आलं, आणि खरी वृंदा जसजशी रुंदीला वाढली तसतशी गोष्टीतली वृंदा आटत आटत सुपारीवर आली होती.

त्यातलं एक मात्र खरं. पोर अपुऱ्या दिवसांची होती, डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि माई बारवी धरणाच्या वाटेवरच्या गावदेवीला बोलून आल्या होत्या, की पोर जगू दे, हिच्या वजनाचा गूळ तुला वाहीन. पोर जगली. तेव्हाच तुळा केली असती तर दोन वाट्या गुळात काम झालं असतं. पण वृंदाचे वडील श्यामकांत म्हणाले, "एवढ्याशा पोराची कसली तुळा करायची? हसतील लोक. जरा अंगाने भरू दे, मग करू."

पोर भरली. भरली ती थांबेचना. मग श्यामकांत दर वर्षी म्हणायला लागले, "जरा उतरू दे, मग करू."

तुळेचंच असं होतं असं नाही. फोटो काढायचा, तर जरा उतर मग काढू. मैत्रिणींबरोबर माथेरानला जायचं, तर जरा उतर, मग जा, चढ आहे. मावसबहिणीच्या लग्नात नऊवारी नेसायची, तर पुढच्या लग्नात नेस, तोवर उतरशील. वृंदाचं सगळं आयुष्य बेलवलीच्या त्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये 'मग'च्या फळीवर चढवून ठेवलेलं होतं, आणि फळी एवढी उंच, की स्टूल घेतलं तरी हात पोचू नये.

उतरायचे उपाय कमी केले नव्हते. मध-लिंबू झालं, कारल्याचा रस झाला. एका वैद्याने तर कसलंसं चूर्ण दिलं होतं, त्याने वृंदाचं वजन तसंच राहिलं पण वासाने वरच्या मजल्यावरचे भाडेकरू उतरले. दुधी तर एवढा खाल्ला, की बाजारातला दुधीवाला तिला बघितलं की उठून उभा राहायचा.

वृंदा उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला होती. शिवून आलेली पँट उलटीपालटी करून बघायची, धागे कापायचे, शिवण सुटली असेल तर परत टाकायची. दिवसाला ढिगारे हाताखालून जात, त्यात तिच्या मापाची एकही नसे. सिंधी शेठाणी बहिणीच्या मायेने म्हणायची, "अदी, तेरे लिए दो पँट जोड के बनवा दूँ?" वृंदा हसायची. हसल्याशिवाय दुसरं काय करणार? दुपारी मात्र टेबलावर तिचे डोळे मिटायचे. हातात कात्री, मांडीवर पँट, आणि बाई गाढ झोपलेली. शेजारची विठा कोपराने ढोसायची. "ए वृंदे, रात्रभर काय गोण्या उचलतेस काय गं?"

रात्रीचं वृंदा कुणाला सांगत नव्हती. सांगितलं असतं तर लगेच उत्तर आलं असतं, की जरा उतर, मग होईल सगळं ठीक.

तर त्या वर्षी दिवाळीनंतर डोंबिवलीचं एक स्थळ आलं. मुलाच्या आईने चकलीचा तुकडा मोडत सांगितलं, "मुलगी गोड आहे हो. जरा उतरली तर पुढचं बघू." श्यामकांत अंबरनाथला आनंदनगरच्या एका फॅक्टरीत ऑफिसर होते. तिथे कुणीतरी त्यांना सांगितलं, की मुंबईत एक सर्जन पोटाचंच ऑपरेशन करतात, पोट छोटं करून टाकतात. झालं. आठवड्याच्या आत कंपनीची जीप मागितली आणि श्यामकांत, उमा, वृंदा मुंबईला निघाले. माईही चढल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्यांना न बोलावता कुठेही पोचायची चांगली सवय होती.

डॉक्टरांनी कागदावर पोट काढलं, त्याच्या वरच्या टोकाला एक लहान कप्पा काढला. "एवढंसं पोट उरेल. लिंबाएवढं म्हणा. चार घासात भरेल. आणि हे जन्मभराचं आहे." मग वृंदाकडे बघून विचारलं, "तुम्हाला का करून घ्यायचंय?"

"लग्नाचं आहे ना आता," उमा म्हणाली.

"हल्ली कॉम्पिटिशन फार आहे, डॉक्टर," श्यामकांत म्हणाले.

"आमच्या घराण्यात एक बाळाजी होते," माईंनी सुरू केलं, "ते पातेलंभर भात खायचे आणि मग पातेलं चावायचे."

डॉक्टर अजून वृंदाकडेच बघत होते. तिने तोंड उघडलं.

"तिचं काही नाही हो," श्यामकांत म्हणाले, "ती तयारच आहे. सही कुठे करायची?" आणि खिशातलं पेन काढलं.

"सही यांची लागेल. घाई नाही. काही प्रश्न आहेत का?"

"नाही, नाही," श्यामकांत म्हणाले. "प्रश्न काही नाहीत."

वृंदाने उघडलेलं तोंड मिटलं. तिच्याकडे प्रश्न एवढे होते, की जीपमध्ये तिच्यासोबत बसायला जागा पुरली नसती. कप्पा फाटला तर? वांत्या होत राहिल्या तर? आणि सगळ्यांत मोठा प्रश्न, ज्याचा तिला स्वतःचाच राग यायचा, तो असा, की तिला ऑपरेशन हवं होतं. खरंच हवं होतं. पण ती हो म्हणाली, की ते डोंबिवलीच्या चकलीवालीला दिलेलं हो होणार होतं. नाही म्हणावं तर त्या सगळ्या रात्री तिच्याच छातीवर येऊन बसणार होत्या.

घरी आल्यावर दुसरीच आग लागली.

"आधी देवीचा गूळ," माई म्हणाल्या. "तिला बोललेलं वजन आहे ते. त्यातलं परस्पर कसं काय कमी करता?"

"माई, ऑपरेशन झाल्यावर करू की. निम्म्या गुळात होईल," श्यामकांत म्हणाले.

"देवीशी घासाघीस करतोस? ती काय कॅम्पातली दुकानदार आहे?"

"अहो माई, पण सगळ्या गावासमोर हिला काट्यात बसवायचं म्हणजे..." उमाने वाक्य तिथेच सोडलं. वृंदाच्या बाबतीतली वाक्यं ती नेहमी तिथेच सोडायची.

"मी इथे बसलेय," वृंदा म्हणाली.

"तुझंच तर चाललंय," तिघं एकदम म्हणाले.

वृंदाने ताट सरकवलं. तिला असं वाटलं की आपण आता उठून भिंतीवर डोकं आपटावं, पण मग शेजारचे म्हणाले असते की श्यामकांतांच्या मुलीने भिंत पाडली. ती उठली नाही. ती म्हणाली, "येत्या रविवारी तुळा करायची. मी आहे तशी. उतरून नाही, भरून नाही. नाही तर मी डॉक्टरांकडे परत येणार नाही, काय करायचं ते करा."

माईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या हे त्यांच्याबाबतीत कधीच कळायचं नाही.

रविवारी गावदेवीसमोरच्या चिंचेला धाकलूने दोर टाकून काटा टांगला. धाकलू तिथल्या पाड्यावरचा, देवळाची झाडलोट बघायचा. दोन मोठी लाकडी पारडी. एकात वृंदा मांडी घालून बसली. दुसऱ्यात श्यामकांत स्वतः गुळाच्या ढेपा रचायला लागले. दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात. पाड्यावरची सगळी माणसं जमली होती, कारण तुळेचा गूळ वाटला जातो, आणि एवढ्या मोठ्या तुळेची बातमी दोन डोंगर ओलांडून गेली होती.

ढेपा चढत गेल्या. वृंदाचं पारडं जमिनीवरून हलेना. श्यामकांतांना घाम फुटला. ते पारड्याला खेटून वाकले, जणू ढेप नीट लावतायत, आणि एकदम गुळाचं पारडं खाली जायला लागलं.

"झालं, झालं," श्यामकांत म्हणाले. "भरली तुळा."

वृंदाला वरून नीट दिसत होतं. बाबांचा डावा गुडघा पारड्याच्या कडेवर होता आणि त्यावर त्यांनी सगळा भार टाकला होता. गुळाच्या पारड्यात त्यांनी स्वतःलाच थोडं घातलं होतं, लोकांना आकडा कळू नये म्हणून. तिला राग आला, पण तो नुसता राग नव्हता.

"बाबा, गुडघा काढा."

"अगं, लोक बघतायत."

"म्हणूनच काढा. देवीला माझं वजन बोललंय. तुमचं नाही."

श्यामकांतांनी गुडघा काढला. वृंदाचं पारडं धप्पकन खाली आलं, आणि चिंचेवरचे सगळे कावळे उडाले. माई पुढे सांगत, की धरणातलं पाणीसुद्धा हललं.

गूळ कमी पडला. जीप मुरबाडला पिटाळली. "बाय, उतरू नको हां," धाकलू म्हणाला. "तुळेतून मधीच उतरायचं नसतंय." म्हणून वृंदा बसून राहिली. ऊन उबदार होतं. चिंचेचा वारा होता. पाठीला दोर टेकला होता.

आणि ती झोपली.

आधी लोक हसले, कारण वृंदा घोरायला लागली, आणि तिचं घोरणं म्हणजे घाटात अडकलेला ट्रक. मग घोरणं थांबलं. एकदम थांबलं. छाती हलेना. तोंड उघडं, मान पुढे, आणि आवाज म्हणून काही नाही. उमा समोरच उभी होती. घरी ती रोज भिंतीपलीकडून हे घोरणं ऐकायची, थांबलं की तिला वाटायचं, चला, पोर कुशीवर वळली. आज भर उन्हात पहिल्यांदा ती बघत होती. वृंदाचे ओठ काळपट व्हायला लागले.

"वृंदे," उमा म्हणाली. मग जोरात, "वृंदे."

वृंदा हिसका बसल्यासारखी जागी झाली आणि बुडणारं माणूस वर यावं तसा तिने श्वास ओढला. काटा करकरला. कुणी हसलं नाही.

"काय झालं?" तिने विचारलं. मग सगळ्यांचे चेहरे बघितले आणि तिला कळलं. "असंच होतं. रोज. म्हणून मी बसून झोपते, उशा लावून. आडवी झाले की जास्त होतं."

"आम्हाला वाटायचं तू घोरतेस," श्यामकांत म्हणाले.

"तुम्हाला वाटायचं, जरा उतरले की थांबेल."

उमाने पारड्याची दोरी घट्ट धरून ठेवली होती. "बोलली का नाहीस गं?"

"कुठे बोलू? मी तोंड उघडलं की तिथे आधीच तुमच्यापैकी कुणीतरी बोलत असतं." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "डोंबिवलीला नाही म्हणून कळवा. आजच. मग मी ठरवीन. आणि डॉक्टरांकडे आत मी एकटी जाणार."

"एकटी कशी?" श्यामकांत म्हणाले, आणि उमाने त्यांच्याकडे असं बघितलं, की ते ढेपा मोजायला लागले.

जीप आली. ढेपा चढल्या, आणि शेवटच्या ढेपेला वृंदाचं पारडं जमिनीवरून सुटलं. ती हवेत टांगली गेली. आता बाबा दूर, हात मागे बांधून उभे होते. माईंनी देवीपुढे डोकं टेकलं आणि उठता उठता बाजूच्या बाईला सांगितलं, "तीन बाजारांतला गूळ संपला गं. मुंग्या पायी कल्याणहून निघाल्यात."

गूळ वाटला. वृंदाने एक खडा तोंडात टाकला. श्यामकांत म्हणायला गेले, "डॉक्टरांनी गोड..." आणि स्वतःच एक खडा उचलून तोंडात टाकला.

पुढच्या खेपेला वृंदाने डॉक्टरांच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

"का करून घ्यायचंय तुम्हाला?" डॉक्टरांनी परत विचारलं.

"मला आडवं झोपायचंय," वृंदा म्हणाली, आणि रात्रीचं सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे मागच्या वेळी का नाही सांगितलंत? असा श्वास अडकत असेल तर भूल देताना धोका वाढतो. आधी छातीच्या डॉक्टरांना दाखवायला लागेल."

"मग तेही सांगा. काय काय बिघडू शकतं, सगळं सांगा."

त्यांनी सांगितलं. शिवण सुटू शकते. वांत्या होऊ शकतात. वजन परतही येऊ शकतं. जीवही जाऊ शकतो, कमी वेळा, पण जातो. वृंदाने एकेक ऐकून घेतलं, कारखान्यात पँटीची शिवण बघावी तशी, उलटून आणि सुलटून. मधेच दारावर टकटक झाली. "झालं का गं? काही विचारायचं राहिलं असेल तर मी..." श्यामकांत होते.

"नाही झालं," वृंदा आतून म्हणाली, आणि पुढचा प्रश्न विचारला.

विचारून झाल्यावर तिने मनात हिशोब केला. नको म्हटलं तर आजची रात्र, उद्याची रात्र, तशाच उशा. भीती वाटत होती, हो म्हणायचीही आणि नाही म्हणायचीही, पण या वेळी ती भीती तरी तिची एकटीची होती.

"छातीच्या डॉक्टरांची चिठ्ठी द्या," ती म्हणाली. "त्यांनी हो म्हटलं तर मी करणार."

बाहेर बाकावर माई कंपाउंडरला सांगत होत्या, "जन्मली तेव्हा ही मोहरीएवढी होती, बाबा. फुंकर मारायची भीती वाटायची."

वृंदा चिठ्ठी घडी करत बाहेर आली. "माई, परवापर्यंत सुपारीएवढी होते ना मी?"

"तेव्हा मला नीट दिसत नव्हतं," माई म्हणाल्या, आणि सरकून तिला बसायला जागा केली.