आडव्या ड्रमवरची केबल

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला, शब्दही साधेच आहेत. लिहून घेणारा वायरमन आठवीत शाळा सोडलेला. सांगणारी मी, बंदरावरच्या मोठ्या क्रेनची केबल.

कारखान्यात केसासारख्या बारीक तांब्याच्या तारा एकमेकींना बिलगल्या, वर काळं रबर चढलं आणि मी जन्मले. मग लाकडी ड्रमवर वेटोळं घालून कितीतरी दिवस झोपले. झोपेत मी वाहत असायचे. कुठे, ते कळायचं नाही.

जाग आली ती क्रेनवर. धुक्यात ती रुळांवरून सरकायची, तशी मी तिच्या रिळावरून उलगडायचे, पुन्हा गुंडाळले जायचे. श्वास घ्यावा, सोडावा, तसं. वर केबिनमधले क्रेनवाले काका गुणगुणायचे. वाटायचं, ते गाणंही माझ्यातूनच वाहतंय.

पण आतून मला पीळ पडत होता. सहा महिन्यांत मी नागमोडी झाले. एका दुपारी आतली तार तुटली आणि क्रेन जागच्या जागी थांबली.

माझ्या आधीचीही अशीच गेली होती. साहेब म्हणाले, "काका, झटके देऊन दोन केबल्स खाल्ल्यात तुम्ही. उद्यापासून गेटवर बसा."

"साहेब, तीस वर्षांत केबिनमध्ये माझा चहा सांडला नाही."

"मी चहाचं बोलत नाहीये."

वायरमनने माझं रबर चिरलं. झटक्याने तुटलेली तार ताणलेली दिसते. माझ्या तारा तर दोरीसारख्या पिळलेल्या होत्या. मला क्रेनवर बसवलं तो दिवस त्याला आठवला. ड्रम स्टँडवर चाकासारखा उभा चढवून, फिरवत मला सोडायला हवं होतं. स्टँड कोण ओढून आणणार, म्हणून त्याने ड्रम जमिनीवर आडवा टाकला होता आणि मला वरून ओढून काढलं होतं. दर वेटोळ्यामागे एक पीळ. आधीचीलाही त्यानेच तसं काढलं होतं.

तो माझ्याजवळ खाली बसला.

"साहेबांपुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नाही गं," तो म्हणाला.

"काकांना गेटवर बसलेलं बघवेल तुला?" मी विचारलं. त्याने ऐकलं असावं.

आता मी शेडमध्ये तुकड्यांत पडून असते. एवढंच मागते, माझ्यामागून येणारीला सरळ उलगडा.

त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन साहेबांपुढे उभा राहिला आणि खाली मान घालून सगळं बोलला. मग एकट्याने स्टँड ओढत आणला, नवा ड्रम त्यावर उभा चढवला आणि वर केबिनमध्ये परत बसलेल्या काकांना हाक मारली, "काका, रिळावर घ्या हळूहळू."