अर्ध्या गुणाने

"चेची, तुमचं परीक्षेचं खातं तर आधीपासूनच आहे," क्लासच्या काउंटरवरच्या आन्सूने पासपोर्ट शैनीपुढे परत सरकवला. "नवीन उघडताच येणार नाही."

असायचंच की. यापूर्वी दोनदा शैनी आयल्ट्सला, इंग्लंडात नर्स व्हायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेला, बसली होती आणि दोन्ही वेळा फॉर्म नवऱ्याने, रॉयने भरला होता. ई-मेल त्याचा, पत्ता त्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानाचा. केरळातल्या या एट्टुमानूरमधल्या निम्म्या नर्सांचे फॉर्म असेच नवरे भरतात. बायका ड्युटीवर असतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. या खेपेला मात्र तिने त्याला पत्ता लागू दिला नव्हता. सकाळची ड्युटी संपवून ती परस्पर क्लासवर आली होती. तिसऱ्यांदा बसतेय म्हटल्यावर तो पुन्हा जिवाला लावून घेणार, आणि ते तिला बघवलं नसतं.

दोन्ही वेळा ती लेखनात अडकली होती. ऐकणं, वाचणं, बोलणं झकास. लेखनात नवापैकी हवे होते साडेसहा, मिळाले सहा. अर्ध्या गुणाने इंग्लंड हुकलं. निबंध तुझा चांगलाच असतो, तो आलेखच तुला बुडवतो, असा रॉयचा निकाल होता.

या परीक्षेत एक आलेख पुढ्यात ठेवतात. चार देशांतला चहाचा खप, तीस वर्षांतली घरबांधणी, असलं काहीतरी. रेघ कुठे चढली, कुठे उतरली, कुठे टेकली, ते वीस मिनिटांत दीडशे शब्दांत लिहायचं. आता बघा, शैनी अकरा वर्षं वॉर्डात तापाचे तक्ते भरतेय. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून एका नजरेत सांगते की या पेशंटचा ताप संध्याकाळी पुन्हा चढणार. आणि तिलाच म्हणे आलेख कळत नाही! तिने ते मुकाट्याने मान्य केलं, हे त्याहून वाईट.

क्लास चालवणारे मात्युकुट्टी सर तिची वही बघून डोकं खाजवत. यात मला तरी सहा दिसत नाहीत, असं म्हणत. ती समजायची, पाचच दिसत असणार.

घरी रॉय सराव करून घ्यायचा. पेपरातला रबराच्या भावाचा आलेख कापून आणायचा, मोबाईलवर वीस मिनिटं लावून समोर बसायचा, मग एकेका शब्दावर बोट ठेवून मोजायचा. पहिला निकाल त्याने सांगितला तेव्हा ती धुण्याच्या दगडापाशी बसून रडली, आणि तिच्याबरोबर तोही रडला. दुसऱ्या निकालानंतर त्यानेच समजूत घातली, घाई कशाला, नीट तयारी करू. त्या नीट तयारीत दोन वर्षं गेली. तिचा स्वतःवरचा भरवसाच उडाला. डॉक्टरांच्या राउंडला साधं टेम्परेचर सांगायचं तरी ती तक्ता दोनदा बघायला लागली.

आन्सूने जुनंच खातं उघडायला घेतलं. फोन नंबर तेवढा शैनीचा होता. त्यावर आलेले ओटीपीचे आकडे तिने वाचून दाखवले.

"अय्यो चेची," आन्सू कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत म्हणाली, "मग तेव्हाच गेला का नाहीत?"

शैनी काउंटरवरून वाकली. पहिली परीक्षा, लेखन साडेसहा. दुसरी परीक्षा, लेखन सात.

तिने नाव वाचलं, जन्मतारीख वाचली. दुसऱ्या कुणाचा तरी निकाल असावा असं क्षणभर तिला मनापासून वाटलं. हा निकाल दोनच वर्षं चालतो, आन्सूने हळू आवाजात सांगितलं. दुसऱ्या निकालाची मुदत संपून सव्वीस दिवस झाले होते.

फॉर्म भरायचा ना, असं आन्सूने विचारलं. भर, शैनी म्हणाली, पण आधी तो ई-मेल बदल, आणि हे दोन्ही निकाल छापून दे.

घरी आली तेव्हा रॉय व्हरांड्यात कुणाचा तरी मिक्सर खोलून बसला होता. निकालाचे दोन्ही कागद तिने त्याच्या स्क्रूंशेजारी ठेवले. त्याने बघितलं. नाकारलं नाही, एवढं तरी केलं.

मग तो बोलत सुटला. ठरवून केलं नव्हतं म्हणे. दुकानात निकाल उघडला आणि पुढचं सगळं डोळ्यांपुढे आलं. आई अंथरुणावर, पोरं लहान. आणि तिथे जाऊन त्याने करायचं काय? इथे चार माणसं हाताखाली ठेवणारा बेन्नी बायकोमागे लीड्सला गेला, तर आज म्हाताऱ्यांच्या आश्रमात ताटं धुतोय. तिथल्या चर्चमध्ये लोक बेन्नीला नर्स सिस्टरचा नवरा म्हणून ओळखतात. एकदा खोटं तोंडातून गेलं, मग दुसऱ्यांदा सांगावंच लागलं. वाटलं होतं, ती आपणहूनच नाद सोडेल.

"मग त्या दिवशी तुम्ही रडलात कशाला, इच्चाया?"

"ते खोटं नव्हतं, शैनी."

"दुसऱ्या वेळी किती होते?" तिला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"सात," तो म्हणाला. "सरांच्या त्या बॅचमध्ये तेवढे कुणालाच नव्हते."

बायकोबद्दल चारचौघांत सांगावं, तशा कौतुकाने बोलून गेला तो. त्याचं त्यालाच कळलं आणि त्याने मान खाली घातली. खोट्यापेक्षा ते कौतुक तिला जास्त झोंबलं. तिचं यश या माणसाने दोन वर्षं एकट्याने उपभोगलं होतं, आणि वर तिच्यासमोर बसून तिचे शब्द मोजले होते. विश्वासघात म्हणतात तो हाच, दुसरा कुठला असतो?

सासूच्या इन्सुलिनची वेळ झाली होती. शैनी हात धुऊन आत गेली. म्हातारीने व्हरांड्यातलं अर्धमुर्धं ऐकलं असावं. परत परीक्षेला बसतेस का, असं तिने मायेने विचारलं.

"मी नापास झालेच नव्हते, अम्मच्ची," सुई टोचताना शैनी म्हणाली. "दोन्ही वेळा पास झाले होते."

म्हातारीने दुसऱ्या हाताने तिच्या मनगटावर थोपटलं.

"असू दे गं, मोळे. एवढं मनाला लावून घ्यायचं नाही. सगळ्यांनाच जमतं असं थोडंच आहे?"

शैनीने सुई काढली, त्या जागेवर कापूस धरला आणि दहापर्यंत आकडे मोजले.