सगळी प्लास्टिकं

परदेशातल्या वस्तूचं प्लास्टिक काढायची आमच्या घरात पद्धत नाही. हसा खुशाल. माझा भाऊ परेश जहाजावर होता. नव्वद साली त्याने जपानहून माझ्या जितूसाठी टीव्ही गेमची कॅसेट आणली. ती मी खोक्यासकट, वरच्या चकचकीत प्लास्टिकसकट शोकेसमध्ये ठेवली. जितू तेव्हा आठ वर्षांचा. रडला, पाय आपटले, दोन दिवस धड जेवला नाही. मी ढिम्म. खराब करायला का मामाने एवढ्या लांबून आणली?

सतरा वर्षांनी तोच जितू एका संध्याकाळी ऑफिसातून आला आणि बूटही न काढता शोकेससमोर उभा राहिला.

"आई, ही कधी उघडली नाहीस ना?"

कॉम्प्युटरवर त्याने बघितलं होतं. कुठल्याशा स्पर्धेसाठी काढलेल्या त्या मोजक्या कॅसेटी, आणि बंद खोक्यातली मिळाली तर लोक वेडे होतात म्हणे. त्याने किंमत सांगितली. बाई बाई, बोळिंजमधला आमचा राहता फ्लॅट आला असता तेवढ्यात!

जितूचं लग्न संपदाशी ठरत होतं, पण आधी स्वतःची जागा हवी, अशी तिच्या घरच्यांची अट. चंदनसारला एक खोली त्याने बघून ठेवली होती, पण पगारात जमणं शक्य नव्हतं. आता एका खोक्यात जमत होतं. शोकेसजवळून जाताना आमची पावलं आपोआप हळू व्हायला लागली. शेजारच्या हिनाबेन बघायला आल्या त्या चपला बाहेर काढून, आणि चक्क हात जोडले. मीही बघतच राहायचे. इतकी वर्षं नुसती धूळ पुसली, आणि आत लक्ष्मी बसलेली! मला ताठाही आला होता, खोटं कशाला बोलू? 'आईने उघडू दिली नाही म्हणून हो,' हे जितूला दिवसातून तीनदा ऐकवायचे.

रविवारी घेणारा यायचा होता, वसईचा सेबेस्टियन, जुने गेम जमवणारा. जितूने फोनवर त्याला खोलीचंही सांगून ठेवलं होतं. पाहुणा येणार म्हटल्यावर घर कसं दिसायला हवं! मी ह्यांना म्हटलं, "अहो, सोफ्याची, खुर्च्यांची, सगळी प्लास्टिकं काढा," आणि अंघोळीला गेले.

तीस वर्षांच्या संसारात आमच्या श्रीरंगरावांनी माझं एक काम पुरतं केलं असेल तर शपथ. त्या दिवशी केलं.

बाहेर येऊन बघते तर कॅसेटचं खोकं टीपॉयवर, उघडंबोडकं, ओल्या फडक्याने पुसलेलं.

"सगळी म्हणालीस ना?" हे म्हणाले.

माझ्या तोंडून जे शब्द फुटले, ते सांगण्यासारखे नाहीत. त्यावर हे म्हणे, "सेलोटेपने चिकटवू का?" जितू भिंतीला टेकून खाली बसला.

तेवढ्यात सेबेस्टियन आला. टीपॉयकडे बघताच त्याला सगळं कळलं.

"काकी, किंमत त्या प्लास्टिकची होती," तो हळूच म्हणाला. मग हात धुऊन आला आणि कॅसेट दोन्ही तळव्यांवर घेतली. "ज्यांच्याकडे आहे त्यांनी बंदच ठेवलीय. ही चालू झालेली मी कधी बघितली नाही. एकदा लावू?"

जुन्या कॅसेटी तपासायचं मशीन त्याच्या बॅगेतच होतं. टीव्ही लावला. पडदा काळा. मग एकदम निळं आभाळ, पिपाणीसारखं गाणं, आणि छत्री घेऊन उड्या मारणारा एक बेडूक. आम्ही चौघंही आ वासून बघत राहिलो. कधी जितू सरकत पुढे गेला आणि मशीनचा रिमोट हातात घेतला, कळलंच नाही. बेडूक उडाला की हाही खांदे उडवायचा, जीभ बाहेर, खिदळत. पंचवीस वर्षांचा माझा मुलगा असं हसतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

सेबेस्टियन माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काकी, उघडलेलीचेही पैसे देईन. खोली नाही, पण सुरुवात होईल. आत्ताच घेऊन जातो."

"जितू, देऊ ना रे?"

त्याने मान वळवली नाही. "थांब गं आई, शेवटची लाइफ आहे."

"बसा हो जरा," मी सेबेस्टियनला म्हटलं. "चहा टाकते. पोराचं खेळून होऊ दे."