नारळ आणि वडी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. मुठीत मावते एवढीच. अंगावर गंज आहे, झाकणाला पोचा आहे, पण नाक जवळ आणलंत तर अजूनही आल्याचा वास येईल.

कल्याणच्या बाजारात एका कारागिराने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मला घडवलं. झाकण इतकं घट्ट बसवलं की आतल्या वडीला वारा लागू नये. १९८३ साली आंबिवलीच्या मंजुळाने मला विकत घेतलं, आलेपाकाच्या वड्यांनी भरलं आणि लेकीच्या, तुळसाच्या, हातात दिलं.

तुळसा शेतकऱ्याघरची. ठाण्याच्या खाडीकाठी, कोळ्यांच्या घरात दिलेली. या लग्नाला दोन्हीकडचे आधी नाहीच म्हणत होते. त्यात होडी हलली की तुळसाच्या पोटात ढवळे. एकदा ती होडीतच ओकली. तेव्हापासून सासू आवडाबाई टोमणे मारायची, "कोल्याची सून आन् पान्याला भ्याते! परत ओकलीस तर आंबिवलीला सोडून येईन, बघ."

आणि आता रत्नागिरीला नणंदेच्या बाळाचं बारसं होतं. जायचं होतं बोटीने.

मंजुळाने बजावलं होतं, "धक्का सोडायच्या आधी एक वडी तोंडात धर. मळमळायला लागल्यावर उशीर होतो. पोट रिकामं ठेवू नकोस. आणि नजर लांब, किनाऱ्यावर ठेव."

तुळसाने मला कमरेला, लुगड्याच्या गाठीत बांधलं. काळोख, घामाची ओल आणि चारी बाजूंनी आवळलेलं कापड. मला दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं.

आवडाबाईच्या घरची एक रीत होती. समुद्राला नारळ दिल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. खाडीत होडी लोटली की दोन मिनिटांत नारळ पाण्यात पडे, मग न्याहारी. पण भाऊच्या धक्क्यावर आवडाबाई म्हणाली, "हितलं पानी तेलकट. खरा समुद्र येऊ दे, मग देऊ."

म्हणजे तोवर उपाशी. भोंगा वाजला. तुळसाची बोटं माझ्यावर आली, थांबली, परत गेली. मी आत वड्या घेऊन बसले होते आणि माझी वेळ निघून चालली होती. डबीला ओरडता येत नाही, मित्रांनो.

बंदर मागे पडलं तशी बोट डोलू लागली. थोड्या वेळाने कुणीतरी कण्हलं. मला वाटलं, संपलं, तुळसा गेली माहेरी. पण तो आवाज आवडाबाईचा होता! जन्मभर खाडीच्या संथ पाण्यात वावरलेली ती बाई मोठ्या समुद्रावर पहिल्यांदाच आली होती.

तुळसाने चटकन गाठ सोडली. डोळे दिपावेत तसा उजेड माझ्यावर पडला.

"आई, वडी घ्या."

"नारल दिला नाय अजून," आवडाबाई दात आवळून म्हणाली.

"मग द्या आता. याहून खरा समुद्र कुठं असतो?"

तुळसाने तिचा हात धरून नारळ पाण्यात सोडायला लावला, तिला बोटीच्या मध्यावर वाऱ्याला बसवलं, वडी तोंडात घातली आणि किनाऱ्याची रेघ दाखवली. ओकारी लगेच थांबली नाही, उशीर झालाच होता. मधेच तुळसाही दोनदा ओकून आली.  ती परत आली की आवडाबाई पुन्हा तिचा हात धरे.

परतीच्या वेळी आवडाबाईने नारळ धक्क्यावरच दिला. "समुद्र काय, सगलीकडं येकच," म्हणाली आणि वडीसाठी सुनेपुढे गुपचूप हात पसरला.

आंबिवलीची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पण घरी शेजारणींनी विचारलं तेव्हा आवडाबाई म्हणाली, "मना बोट लागली? छे गो! वाऱ्यानं डोल्यांत पानी आलं."  त्याच दिवशी तिने मला पेटीच्या तळाशी टाकून कुलूप लावलं. मी दिसले असते तर गोष्ट निघाली असती ना!

बारा वर्षं. वर जुनी लुगडी, खाली लाकूड. साखर पाझरून माझं झाकण चिकटलं. रत्नागिरीची बोट बंद झाल्याचंही मी आतूनच ऐकलं.

मग एका संध्याकाळी तुळसाच्या लेकीचा, जनीचा, रडका आवाज आला. शाळेची सहल लाँचने घारापुरीला जाणार होती. "मी नाय जाणार. मागच्या वेळी मी ओकले, तर पोरी म्हणाल्या, कोळ्याची असून बोट लागते!"

 मग कुलूप खणखणलं, लुगडी बाजूला झाली आणि आवडाबाईने मला उचललं. तिने सुरीच्या टोकाने झाकण उचकटलं.

"हिकडं ये गो बाय," ती म्हणाली. "मना पन लागलेली बोट. लय लागलेली. तुझ्या आयनं सांभाललं मना."

तुळसा चुलीपाशी होती. तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

मित्रांनो, मला घासूनपुसून शोभेला ठेवा, असं मी म्हणत नाही. फक्त लाजेपायी मला कोंडून ठेवू नका. औषध हाताशी असावं आणि वेळेआधी घ्यावं. ज्याला बोट लागते त्याला हसू नका. समुद्र मोठा असला की कुणालाही लागते.

सकाळी तुळसाने माझ्यात ताज्या वड्या भरल्या. जनीने मला दप्तराच्या तळाशी ठेवलं नाही. सगळ्या पोरींना दिसेल असं हातात धरलं आणि ती लाँचमध्ये चढली.