टॅक्सी की शवपेटी

स्क्रिप्ट हातात पडताच नोरीनने आधीची सगळी पानं सोडून शेवटचं पान उघडलं. कोटही न काढता, उभ्या उभ्या वाचलं आणि मगच ती निर्मातीच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसली.

"टॅक्सी," ती म्हणाली.

"टॅक्सी," फ्रान हसली. "भांडून मिळवलीय. लेखकांनी तुमच्या आयडाला कालव्यात बुडवायचं ठरवलं होतं."

'हॉलरॉइड स्ट्रीट' या टीव्ही मालिकेतून पात्राने बाहेर पडायचे दोनच रस्ते होते. शवपेटीतून गेलेला कायमचा गेला. टॅक्सीत बसून गेलेला मात्र कधीही परत येऊ शकत असे, मग प्रेक्षकांचा आकडा घसरला म्हणून का होईना. त्यामुळे सॅलफर्डच्या त्या स्टुडिओत कुणाला काढल्याची बातमी आली, की लोक 'का' विचारत नसत, 'कशातून' विचारत. नोरीन एन्टविसल सत्तावीस वर्षं आयडा होती. गल्लीच्या तोंडाशी तळलेल्या माशांचं दुकान चालवणारी, जिभेला हाड नसलेली आयडा. तिची कथा संपवायची असं ठरल्यापासून तीन आठवडे नोरीन फ्रानच्या मागे लागली होती. सहासष्टाव्या वर्षी दार पुरतं बंद होऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

त्याच दुपारी केकचा डबा घेऊन ती ट्रामने रॉचडेलला थेल्माकडे गेली. थेल्मा रिग्बी अकरा वर्षांपूर्वी याच मालिकेतून टॅक्सीने स्पेनला गेली होती. म्हणजे तिने रंगवलेली जॉईस गेली होती. थेल्मा स्वतः होती तिथेच होती.

"मिळाली?" थेल्माने दारातच विचारलं.

"मिळाली."

थेल्माने तिला घट्ट मिठी मारली. चहा ठेवता ठेवता तिने सूचना सुरू केल्या.

"आता नीट ऐक. केस असेच ठेवायचे. वजन वाढू द्यायचं नाही, कमीही होऊ द्यायचं नाही. मी बघ, केसांना अजून त्याच नंबरचा रंग लावते. उद्या फोन आला तर जॉईस ओळखू यायला नको?"

"येतो का गं फोन?"

"नाताळात कार्ड येतं. दरवर्षी." थेल्माने कपात दूध ओतलं. "जॉईसची अजून आठवण काढतात म्हणे."

नोरीनने थोडं चाचरतच बोल्टन गावातल्या नाटकाचं सांगितलं. छोटी नाटकमंडळी होती, वर्षभर गावोगाव प्रयोग करणार होती, आणि नोरीनने त्यात न्यायाधीश व्हावं असं त्यांना वाटत होतं.

"मी आणि न्यायाधीश. जन्मभर मासे तळणाऱ्या बाईला कुणीतरी खुर्चीत बसवतंय."

"वर्षभर? वेड लागलंय का तुला? मध्येच बोलावलं तर? मला लीड्सवाल्यांनी काय सुंदर काम दिलं होतं. नाही म्हटलं. सूझन म्हणते, आई, कॉर्नवॉलला ये, नातवंडांजवळ राहा. कशी जाणार? फोन आला की तासाभरात स्टुडिओत पोचता आलं पाहिजे ना."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. शेजारणीला बसच्या वेळा सांगाव्यात तसं ती सांगत होती. नोरीन तिच्याकडे बघत राहिली. जॉईसचे लालभडक केस, जॉईसच्या कोरलेल्या भुवया, बोलताना गळ्याशी हात नेण्याची जॉईसची लकब. आपल्याला थेल्मा कितीतरी वर्षांत भेटलेलीच नाही, हे तिला आत्ता कळलं. ती घाबरली. ही भीती थेल्मासाठी नव्हती, स्वतःसाठी होती, आणि त्याची तिला लाजही वाटली. तिने केक अर्धाच खाल्ला आणि डोकं दुखतंय सांगून ती निघाली.

ट्रामच्या थांब्यावरून तिने फ्रानला फोन लावला.

"आयडाला मारून टाक."

"काय?"

"मारून टाक म्हणतेय."

"नोरीन, तीन आठवडे माझं डोकं खाल्लंत त्या टॅक्सीसाठी."

"खाल्लं. चुकले."

"एकदा मारलं की मला तिला परत आणता येणार नाही, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय म्हणून तर सांगतेय."

"घरी जा. शांतपणे झोपा. सकाळी बोलू."

"सकाळपर्यंत माझा विचार बदलेल. आत्ता लिहून घे."

ट्राम आली. बसायला जागा मिळताच तिने बोल्टनला फोन केला आणि होकार कळवला.

थेल्माला सांगणं जास्त अवघड होतं. दोन दिवसांनी तिने हिय्या करून सांगितलं. पलीकडून "अस्सं" एवढंच आलं आणि फोन बंद झाला. पुढे आठवडाभर थेल्माने तो उचललाच नाही. नोरीनला वाईट वाटत राहिलं. तुझी अकरा वर्षं फुकट गेली, असं मैत्रिणीला तोंडावर म्हणायचं नसतं, आणि आपण न म्हणता तेच म्हटलं होतं.

रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात मरणाचा प्रसंग पाठ करत होती, तेव्हा थेल्माचा फोन आला.

"आलं का तुझं मरण लिहून?"

"आलं. चार पानं आहेत."

"चार? एवढा वेळ कोण लावतं मरायला?"

"सत्तावीस वर्षं बडबड केलीय, शेवटी गप्प कशी बसेन?"

थेल्मा हसली नाही.

"त्यात एक वाक्य घालून घेशील?" तिने विचारलं.

"कसलं?"

"स्पेनहून पत्र आलंय, जॉईस गेली, असं आयडाने म्हणायचं. एकच वाक्य. त्यांच्याशी तूच बोल. माझ्या तोंडून नाही निघायचं ते."

नोरीनचे डोळे भरून आले. तिने स्क्रिप्ट जवळ ओढलं, पेन्सिल घेतली आणि आवाज शक्य तितका सरळ ठेवला.

"लिहिते. कशाने गेली म्हणू?"

थेल्माने घाई केली नाही. इतक्या वर्षांत जॉईसचं काय व्हावं, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"नाचताना," शेवटी ती म्हणाली. "आणि पटकन गेली म्हण. उगाच चार पानं नकोत. मलाही पुढची कामं आहेत."